पायरीची उंची

सोमवारी डोंगर दमलेला असतो.
आदल्या दिवशी चार हजार बूट त्याच्यावरून गेलेले,
बसथांब्यापासून खिंडीपर्यंत,
खिंडीतून खाली पाक हा वानच्या वाळूपर्यंत.
हे मी नाही मोजले, खांबावरच्या यंत्राने मोजले.
मी मोजतो ते वेगळं:
संत्र्याच्या साली, लहान मुलाचा एक मोजा,
आणि माती आणखी किती बोटं खचली.

मी याउ क्वाय-फात. एकतीस वर्षं
हाँगकाँगच्या वाटदुरुस्ती पथकात.
पहार, घमेलं, गुडघे,
त्यातले गुडघे तेवढे माझे स्वतःचे.

कुणी म्हणतं, लोकांना येऊच देऊ नका,
भेकरं शांत राहतील, सोनटक्का तुडवला जाणार नाही.
खरं आहे.
पण मी खाली राहतो, मला त्यांच्या खोल्या माहीत आहेत.
खाट उभी केल्याशिवाय तिथे टेबल मांडता येत नाही.

तर खिंडीखालचा हा चढ.
कुणीतरी कार्यालयात बसून इथे सिमेंट ओतलं,
पायरी दीड वीत उंच.
लोक चढेनात. कडेकडेने जाऊ लागले,
कडेची घळ झाली, पावसाने घळीचा ओढा केला,
दोन माणसांची वाट
बघता बघता म्हशी लोळाव्यात एवढी रुंद.

थाम बाई नव्या अधिकारी. त्यांनी दोर दिला, पाटी दिली:
या बाजूने जाऊ नये.
मी वर काटक्याही रचल्या.
सोमवारी पाहतो तर दोर सोडवलेला,
आणि नीट घडी करून दगडाखाली ठेवलेला.
पुढच्या सोमवारीही. तशीच घडी.

म्हणून एका रविवारी डबा घेऊन केवड्याच्या आड बसलो.
दहाच्या सुमाराला एक म्हातारी आली,
मोडक्या छत्रीची काठी केलेली.
सिमेंटच्या पायरीपुढे थांबली,
बंद झालेल्या खिडकीपुढे थांबावं तशी.
मग वाकून दोराची गाठ सोडवायला बसली.

मी पुढे गेलो. ओरडायचं ठरवलं होतं.
विचारलं, आजी, कुठे एवढं?
म्हणाली, घरात सगळ्यात लांबची वस्तू
आठ पावलांवर आहे.
आठवड्यातून एकदा डोळ्यांना लांब नेते.

मी खिशातून टेप काढली.
म्हटलं, पाय उचला, जमेल तेवढाच.
चौदा सेंटिमीटर.
तळहातावर लिहून घेतलं, कागद नव्हता.

सिमेंट फोडायला अकरा दिवस लागले.
दगड कुठून आणायचे?
ओढ्यापलीकडे आमच्या कुटुंबाची भातखाचरं,
कसणारं कुणी उरलं नाही, बांध ढासळलेले,
मोकाट गुरं चरतात.
म्हटलं, माझ्याच आजोबांचे दगड, उचलतो.
थाम बाई म्हणाल्या, नाही, बांधही जपायचाय.
मला राग आला. रात्री लक्षात आलं, बरोबर आहे बाईंचं.
एक वाट सावरायला दुसरी जागा उघडी करायची,
याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

मग परवानगीचा कागद, मग समुद्राकाठची जुनी खाण,
पाठीवर एकेक धोंडा, एकूण तीनशे बारा.
त्रेसष्ट पायऱ्या झाल्या. पैसे संपले.
त्याच्यावर अजून ते सिमेंट आहेच,
आणि लोक अजून त्याच्या कडेने जातात.

म्हातारी पुन्हा दिसली नाही.
मी रविवारी कामावर नसतो, आलीही असेल.
दोराला मात्र कुणी हात लावत नाही.
घळीत नेच्याची पहिली वेटोळी फुटलीत.

थाम बाईंनी झाडाला कॅमेरा बांधला होता,
किती माणसं नव्या वाटेने जातात ते बघायला.
पहाटे तीन वाजून सात मिनिटं:
साळिंदर, काटे मिटलेले, एकेक पायरी
सावकाश, घाई नसल्यासारखं चढत गेलं.
अहवालात रकाना नव्हता.
बाईंनी लिहिलं: इतर, एक.